देणारा हात, अडवणारा हात : पंजाबच्या कृषी खात्याची गोष्ट



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज बोलायचे आहे एका सरकारी खात्याबद्दल, तेही कृषी खात्याबद्दल. काही जण म्हणतील, कर्नलसाहेब निवृत्तीनंतर शेतकी अधिकारी झाले की काय! तसे नाही. माझ्या नोकरीतली बरीच वर्षे पंजाबात गेली आणि माझ्या हाताखालचे निम्मे जवान तिथल्या शेतकऱ्यांची मुले होती. त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या शेतांच्या बांधावर मोर्चे खणले. फौजेत आम्ही रसदीला फार मान देतो, कारण उपाशी पलटण लढत नाही. देशाचेही तसेच आहे. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी जवान आणि किसान ही दोन नावे एका घोषणेत जोडली, त्यामागे कविता नव्हती, हिशेब होता. एकीकडे युद्ध चालू होते आणि दुसरीकडे आपला गहू अमेरिकेच्या जहाजांतून येत होता.

तो गहू आपल्या शेतात कसा आला, ही गोष्ट आपण सहसा चारपाच मोठ्या नावांत संपवतो. नावे खरी आहेत आणि मोठीच आहेत. पण पलटणीचा इतिहास फक्त जनरलसाहेबांचा नसतो. गावागावात सायकलवरून फिरणारा जो खात्याचा माणूस होता, त्याची ही गोष्ट आहे. पंजाबीत या खात्याला 'खेतीबाडी महकमा' म्हणतात. आपल्याकडे जसा कृषी सहायक, तसा तिथला तो माणूस.

सुभेदारसाहेबांची दोन आठवणीतली वर्षे

सुरुवात एका घरापासून करतो. माझ्या कंपनीत एक सुभेदार होते, मालवा भागातले, जमीन बारा किल्ले. किल्ला म्हणजे तिकडचा एकर. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. १९८०च्या दशकात सीमेवर एका रात्री शेकोटीपाशी त्यांनी मला वडिलांची हकिगत सांगितली. १९६६च्या नोव्हेंबरात खात्याचा माणूस त्यांच्या दारात गव्हाच्या बियाण्याचे पोते घेऊन आला. बी परदेशी, दाणा लालसर. वडिलांनी पोत्यात हात घातला, दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, "हा काय गहू आहे? याची रोटी कोण खाणार?" तरी अर्ध्या किल्ल्यात पेरला. पेरला मात्र बापजाद्यांच्या पद्धतीने, पाभर खोल घालून. बरेचसे बी उगवलेच नाही. शेजारी हसले.

पुढच्या वर्षी तोच माणूस परत आला. या वेळी हातात दोन इंचांवर खूण केलेली काडी होती. पेरणी चालू असताना तो तासातासाला माती उकरून काडी लावून बघत होता. निघताना म्हणाला, "पहिलं पाणी एकविसाव्या दिवशी. वीस नको, पंचवीस नको. दिवस मोजा." सुभेदारसाहेबांच्या आईने भिंतीवर शेणाचे एकवीस ठिपके दिले होते, रोज एक. त्या वर्षी त्या अर्ध्या किल्ल्यात जेवढा गहू झाला तेवढा आधी कधी दोन किल्ल्यांत झाला नव्हता, असे ते सांगत.

दुसरे वर्ष २००९. तेव्हा सुभेदारसाहेब निवृत्त होऊन गावी शेती करत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मला त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. "साबजी, महकमेवाले ट्रॅक्टर घेऊन आलेत. माझं लावलेलं धान मोडणार म्हणतात. तुमची डीसीसाहेबांशी ओळख आहे ना? एक फोन करा."

एका घराच्या दारात तेच खाते ४३ वर्षांत दोनदा आले. पहिल्यांदा बी घेऊन, दुसऱ्यांदा ट्रॅक्टर घेऊन. जनतेची सेवा यातली कोणती? उत्तर द्यायच्या आधी थोडे मागे जाऊ.

सुरुवात मोजणीने झाली

भारतात कृषी खाते शेतकऱ्याला बी देण्यासाठी जन्माला आले नाही. १८६६चा ओरिसाचा दुष्काळ आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची कापसाची भूक, या दोन कारणांनी १८७१ मध्ये लॉर्ड मेयोच्या काळात केंद्रात महसूल, शेती आणि व्यापार असे एकत्र खाते निघाले. त्याचे सचिव होते ए. ओ. ह्यूम. हो, तेच ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. काटकसरीच्या नावाखाली १८७९ मध्ये ते खाते मोडीत निघाले. आणि ते कधी? १८७६ ते १८७८ या भयंकर दुष्काळात दख्खन आणि मद्रासकडची लाखो माणसे मेली, त्याच्या लगेच नंतर.

मग सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये शिफारस केली की प्रत्येक प्रांतात कृषी खाते हवे. केंद्रातले खाते १८८१ मध्ये पुन्हा उभे राहिले, प्रांतांतही खाती निघाली. पण त्यांचे मुख्य काम होते जमिनीच्या नोंदी आणि पिकांचे आकडे. पीक कुठे बुडाले, धान्य कुठे कमी पडणार, हे सरकारला आधी कळले पाहिजे. फौजेच्या भाषेत सांगायचे तर ही टेहळणी होती. टेहळणी आवश्यक असते, पण तेवढ्याने लढाई जिंकता येत नाही.

१८८९ मध्ये डॉ. व्होलकर नावाचे रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून भारतीय शेती सुधारण्याचा मार्ग शोधायला आले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये निघाला. इथला शेतकरी अडाणी आहे असे त्यांनी लिहिले नाही. उलट तो सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतीत सरस आहे, त्याला अडचण आहे ती पाण्याची, खताची आणि साधनांची, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा मुद्दा लक्षात ठेवा. जे खाते शेतकऱ्याला अडाणी समजून चालते ते फसते.

लायलपूरचे दिवस

विसाव्या शतकात चित्र बदलले. १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात बिहारमधल्या पुसा इथे संशोधन संस्था सुरू झाली. हेन्री फिप्स या अमेरिकी धनिकाच्या देणगीतून ती उभी राहिली. प्रांतांची कृषी खातीही याच सुमारास भक्कम झाली. पंजाबात चिनाब आणि झेलमच्या कालव्यांवर नव्या वसाहती वसत होत्या. त्यांच्या मध्यभागी, लायलपूरला, कृषी महाविद्यालय आणि संशोधन केंद्र उभे राहिले. आजचे पाकिस्तानातले फैसलाबाद ते हेच.

या वसाहतींशी फौजेचा जवळचा संबंध आहे. सरकार कालव्याखालच्या जमिनी माजी सैनिकांना देत असे. १९०७ मध्ये पंजाब सरकारने या वसाहतवाल्यांवर जाचक अटी लादणारे विधेयक आणले, तेव्हा शेतकरी पेटून उठले. लाला लजपत राय आणि अजित सिंग यांना मंडालेला धाडण्यात आले. पण या शेतकऱ्यांची मुले पलटणीत होती, आणि ती अस्वस्थ झाली तर काय, ही काळजी सरकारला लागली. शेवटी व्हाइसरॉय मिंटो यांनी त्या विधेयकाला संमती नाकारली. शेतकऱ्याच्या शेतात शिरून हुकूम सोडण्याला मर्यादा असतात, हा धडा पंजाबने तेव्हाच दिला होता.

लायलपूरच्या लोकांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी शेतकऱ्यांच्याच शेतातले चांगले वाण निवडले, शुद्ध केले, त्यांचे बी वाढवले आणि परत त्यांना दिले. 'आठ-ए' नावाचा गहू, 'फोर-एफ' नावाचा कापूस ही त्या काळातली घराघरात माहीत असलेली नावे. पुढे चौधरी राम धन सिंग यांनी 'सी ५९१' हा गहू काढला. त्याच्या रोटीची चव जुने पंजाबी अजून सांगतात. १९१९च्या सुधारणांनंतर शेती हा विषय प्रांतांच्या मंत्र्यांकडे आला, आणि आपल्या राज्यघटनेतही तो राज्यसूचीत १४व्या क्रमांकावर आहे. दिल्लीत कितीही योजना होवोत, शेतकऱ्याच्या दारात जो उभा राहतो तो राज्याचाच माणूस असतो.

आणि मग १९४७. लायलपूर गेले, कालव्याखालची सर्वांत चांगली जमीन गेली, संशोधन केंद्र गेले. इकडच्या पंजाबच्या वाट्याला धान्याची तूट आणि निर्वासितांचे लोंढे आले. वाटपासाठी जमीन कमी आणि माणसे जास्त. तेव्हा तरलोक सिंग या अधिकाऱ्यांच्या पथकाने 'प्रमाण एकर' ठरवला. ज्या जमिनीत साधारण दहाअकरा मण गहू होतो, तो एक प्रमाण एकर, मग कोरडवाहूत त्याचे क्षेत्र जास्त आणि बागायतीत कमी. ज्याची जमीन मोठी होती त्याच्या वाट्याला कात्री मोठी. पाठोपाठ १९४८च्या कायद्याने तुकड्यांचे एकत्रीकरण सुरू झाले. हे काम पुनर्वसन आणि महसूल खात्याचे, पण त्याशिवाय पुढची गोष्ट घडलीच नसती. जमीन सात तुकड्यांत विखुरलेली असेल तर माणूस विहिरीवर पंप कशाला बसवेल?

काडीवरची दोन इंचांची खूण

१९६०-६१ मध्ये देशातल्या सात जिल्ह्यांत सघन शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात लुधियाना होता. कल्पना साधी. बी, खत, कर्ज आणि सल्ला वेगवेगळ्या दिवशी न देता एकत्र द्यायचे. फौजेत आम्ही गोळी एका आठवड्यात आणि बंदूक दुसऱ्या आठवड्यात देत नाही, तसेच हे. १९६२ मध्ये लुधियानात पंजाब कृषी विद्यापीठ स्थापन झाले, १९६३ च्या जुलैत नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. संशोधन आणि शिक्षण विद्यापीठाकडे, तर विस्तार, पुरवठा आणि तपासणी खात्याकडे अशी विभागणी झाली. पण दोघांनी एकत्र बसून प्रत्येक हंगामाच्या शिफारशी ठरवायच्या, ही पद्धत तिथे रुजली. विद्यापीठाचा शास्त्रज्ञ एक सांगतो आणि खात्याचा माणूस दुसरे, असे झाले की शेतकरी दोघांचेही ऐकत नाही.

मार्च १९६३ मध्ये नॉर्मन बोरलॉग भारतात आले. मेक्सिकोतल्या बुटक्या गव्हाच्या चाचण्या सुरू झाल्या. बुटका गहू का हवा होता? जुना गहू उंच. त्याला जास्त खत दिले की ओंबी जड होते आणि गहू लोळतो. बुटका गहू उभा राहतो. १९६५ मध्ये सुमारे २५० टन बी आले. त्याची उगवण कमी निघाली, म्हणून एकरी बियाणे वाढवावे लागले. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी तरी धीर सोडला नाही, आणि १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बी आणले. 'लर्मा रोहो' आणि 'सोनोरा ६४'. तेवढे बियाणे एखाद्या देशाने एका वेळी आयात केल्याचे तोवर कोणी ऐकले नव्हते.

आता तारीख बघा. हे बी नोव्हेंबर १९६६ मध्ये पेरायचे होते. आणि १ नोव्हेंबर १९६६ लाच पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा वेगळा झाला. म्हणजे ऐन पेरणीत राज्याची, आणि म्हणून खात्याचीही, वाटणी चालू होती. कचेऱ्या, फायली, बदल्या, सगळे एकाच वेळी. तरी पोती गावात पोहोचली. मी आयुष्यभर रसद हाताळली आहे. या एका कामासाठी मी त्या लोकांना सलाम करतो.

आणि पोते पोहोचवून काम संपत नव्हते. बुटक्या गव्हाचा कोंबही आखूड असतो. जुन्या सवयीने खोल पेरले तर तो मातीतून वर येतच नाही. म्हणून दोन इंच. पेरल्यानंतर साधारण एकविसाव्या दिवशी त्याला मुकुटमुळे फुटतात, त्या वेळी पाणी चुकले की फुटवे कमी आणि पीकही कमी. म्हणून एकवीस दिवस. ही दोन वाक्ये शास्त्रज्ञांना ठाऊक होती. ती लाखो शेतकऱ्यांच्या हाताला शिकवायची होती. ते काम त्या काडीवाल्या माणसाने केले. रोटीचा प्रश्नही सुटला. लुधियाना आणि दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोच्याच साहित्यातून पिवळसर दाण्याचे 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' हे वाण निवडले.

फळ काय मिळाले? देशाचे गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सुमारे १२३ लाख टन होते, ते १९६७-६८ मध्ये १६५ लाख टनांपर्यंत गेले. पंजाबचे १९६५-६६ मधले सुमारे १९ लाख टन १९७०-७१ मध्ये ५० लाखांवर गेले. १९६८ मध्ये धान्य ठेवायला जागा नव्हती, शाळा बंद करून वर्गांत गहू भरला. त्याच वर्षी इंदिराजींनी गहू क्रांतीचे टपाल तिकीट काढले. १९६६ मध्ये ज्या देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्या देशाला १९७१चे युद्ध लढताना धान्यासाठी पूर्वीइतके दुसऱ्यांवर अवलंबून राहावे लागले नाही. मी १९७१च्या युद्धात नव्हतो, शाळेत होतो. पण ज्यांच्याकडून मी फौजेतले धडे घेतले ते होते, आणि ते हा फरक जाणत होते.

चूक कुठे झाली?

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण इतिहास सांगताना फक्त विजयाचा भाग सांगणे हा खोटेपणा आहे.

पंजाबी माणूस भात फारसा खात नाही. १९६०-६१ मध्ये तिथे धानाखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. पण १९६५ मध्ये अन्न महामंडळ निघाले, हमीभाव ठरू लागला, आणि धान हे हमखास विकले जाणारे पीक झाले. या शतकात ते २५ लाख हेक्टरांच्या वर गेले, पुढे ३० लाखही ओलांडले. ज्या भागात पाऊस बेताचा, तिथे शेतात पाणी उभे करायचे तर ते जमिनीतून काढायला हवे. नलिका विहिरी सुमारे दोन लाखांवरून चौदा लाखांपर्यंत गेल्या. १९९७ मध्ये शेतीपंपांची वीज फुकट झाली. मग मोजायचे कशाला?

कोणाला कळले नव्हते असे नाही. १९८६ मध्येच प्रा. सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने सांगितले होते की गहू-धानाखालचे २० टक्के क्षेत्र दुसऱ्या पिकांकडे वळवा. खात्याचे लोक गावात जाऊन डाळी लावा, मका लावा, तेलबिया लावा असे सांगतही होते. शेतकरी विचारायचा, "लावतो. विकत कोण घेणार?" त्या प्रश्नाचे उत्तर खात्याच्या माणसाकडे नव्हते. भाव दिल्लीत ठरतो, वीज मुख्यमंत्री ठरवतात, आणि सल्ला हा देतो. ज्या सल्ल्यामागे खरेदी नाही तो सल्ला दारातूनच परत जातो.

सीमेवर तर आणखी गंमत. कुंपणापलीकडे आपल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत. ते ठरलेल्या वेळी, ओळखपत्र दाखवून, फाटकातून जातात. तिथे ऊस, मका अशी उंच पिके घ्यायला मनाई, कारण त्यात माणूस लपू शकतो. म्हणजे कृषी खाते म्हणते धान सोडा, आणि आम्ही फौजी आणि बीएसएफवाले म्हणतो उंच काही लावू नका. मग उरते काय? गहू आणि धान. २००२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या काळात त्याच शेतांत आम्ही सुरुंग पेरले होते. एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, "साबजी, माझ्या शेतात सरकारच्या किती खात्यांनी काय काय पेरलं!" तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

खात्याचे तिसरे काम तपासणीचे. १९६६चा बियाणे कायदा, १९६८चा कीटकनाशक कायदा आणि खत नियंत्रण आदेश यांचे निरीक्षक म्हणजे कृषी अधिकारीच. नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, खोटे निघाले तर खटला भरायचा. २०१५ मध्ये मालव्यात कापसावर पांढरी माशी आली आणि उभे पीक गेले. निकृष्ट कीटकनाशकाच्या खरेदीवरून चौकशी झाली, अटका झाल्या. काय खरे, काय खोटे, हे न्यायालयांचे काम. पण शेतकऱ्याच्या मनात बसले ते एवढेच की फवारले आणि माशी मेली नाही. सल्ला देणारा आणि तपासणारा एकच माणूस असेल, तर एका कामातला अविश्वास दुसऱ्या कामालाही लागतो.

२००९चा जून

आता सुभेदारसाहेबांच्या फोनकडे येतो. धान लवकर, म्हणजे मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी लावले की पहिले काही आठवडे पंजाबात आग ओकणारे ऊन असते आणि पाऊस नसतो. तिथे मान्सून येतो जूनच्या अखेरीस. तोवर शेतात उभे केलेले पाणी नुसते हवेत उडते आणि ते भरून काढायला जमिनीतले उपसावे लागते. म्हणून पंजाब सरकारने २००८ मध्ये अध्यादेश आणि २००९ मध्ये कायदा केला. रोपवाटिका १० मेच्या आधी नाही, लावणी १० जूनच्या आधी नाही. मोडणाऱ्याला हेक्टरी, महिन्याला १०,००० रुपये दंड, आणि पीक मोडायचा खर्चही त्याच्याकडूनच. अंमलबजावणी कोणाकडे? कृषी अधिकाऱ्याकडे.

मी फोन केला का? खरे सांगतो, केला. जुना सहकारी आहे, अडचणीत आहे, म्हणून केला. पलीकडच्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, तुमच्या सुभेदारांना सोडलं तर उद्या सरपंचांना सोडावं लागेल, परवा आमदारांना. मग ज्याची कोणाशी ओळख नाही त्याच्याच शेतात ट्रॅक्टर जाईल. तुम्ही पलटण चालवली आहे, तुम्हीच सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी माफी मागितली आणि फोन ठेवला. सुभेदारसाहेबांचे दोन किल्ले मोडले. सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

कायद्याने सगळे सुटले असे समजू नका. लावणी पुढे गेली म्हणून कापणी पुढे गेली. कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात हाताशी थोडेच दिवस राहिले, म्हणून पराली जाळणे वाढले, आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत गेला. शेतकऱ्यांच्या दबावाखाली आणि निवडणुकांच्या हिशेबात लावणीच्या तारखा पुढेमागे होत राहिल्या. २०१८ मध्ये २० जून झाली, पुढच्याच वर्षी १३ जून. दरम्यान विद्यापीठाने 'पीआर १२६' सारखा लवकर तयार होणारा वाण दिला, त्याने थोडा श्वास मिळाला. पण भूजल मंडळाचे आकडे अजूनही सांगतात की पंजाबात जेवढे पाणी वर्षभरात मुरते त्याच्या दीडपटीहून जास्त उपसले जाते. राज्यातल्या सुमारे १५० ब्लॉकपैकी शंभराहून अधिक अतिशोषित आहेत. देशाच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम दीड टक्का असलेल्या या राज्याने आपल्याला अनेक दशके जेवू घातले. ते धान्य आपण इंदूरला, बेंगळुरूला, पुण्याला रेशनवर खाल्ले. त्यात पंजाबचे पाणी होते, हे आपण विसरतो.

मग सेवा कशाला म्हणायचे?

मला विचाराल तर काडी आणि ट्रॅक्टर, दोन्ही सेवाच. १९६६ मध्ये जनता म्हणजे उपाशी देश होता. २००९ मध्ये त्यात सुभेदारसाहेबांच्या नातवाचीही भर पडली होती, जो अजून मत देत नाही, मोर्चा काढत नाही आणि ज्याला त्याच जमिनीतून पाणी काढायचे आहे. त्याच्या वतीने कोणीतरी दारात उभे राहायला हवे होते.

पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो मी फौजी म्हणून सांगतो. काडीवाला माणूस आधी फसला, तरी दुसऱ्या वर्षी परत आला. तो तासातासाला वाकून बघत होता. त्याच्या मागे बी होते, खत होते, कर्ज होते आणि गहू विकत घेणारे सरकार होते. ट्रॅक्टरवाल्या माणसाच्या मागे फक्त कायदा होता. धान मोडा म्हणणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मक्याच्या खरेदीची पावती असती, तर सुभेदारसाहेब सहा महिने रागावले नसते. हुकूम देणाऱ्याने रसदही द्यायची असते.

आणि माणसे हवीत. कोणत्याही राज्यात बघा, कृषी खात्याच्या रिकाम्या जागांची तक्रार असते. एकेकाकडे इतकी गावे आणि इतक्या योजनांचे तक्ते की त्याला बांधावर जायला दिवस उरत नाही. १८८०च्या शिफारशीनंतर हे खाते मोजणीसाठी जन्मले होते. आकडे भरता भरता ते पुन्हा तिथेच जाऊन पोहोचू नये, एवढीच काळजी वाटते. मोबाइलवर हवामान कळते, भाव कळतो. पण बी दोन इंचांवर पडले की चार, ते बघायला अजूनही कोणीतरी वाकावे लागते.

काही वर्षांपूर्वी मी सुभेदारसाहेबांच्या गावी गेलो होतो. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. वडिलांच्या वेळची विहीर दाखवली. तिच्या तळाशी पंप बसवायचा खड्डा होता, तीस फुटांवर पाणी लागत असे. आता सबमर्सिबल शेकडो फूट खाली आहे आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज मुलगा फेडतो आहे. विहिरीच्या काठाला हात टेकून ते म्हणाले, "साबजी, त्या दिवशी त्यांनी धान मोडलं, मी शिव्या दिल्या. पण खरं सांगू? महकमा आला ते चुकलं नाही. वीस वर्षं उशिरा आला, ते चुकलं."

मग त्यांनी नातवाला हाक मारली आणि घराच्या मागचा एक किल्ला दाखवायला सांगितले. त्या वर्षी तिथे मका होता. विकला जाईल का, असे मी विचारले. नातू म्हणाला, "बघू, साबजी. खात्याचे मॅडम येतात दर आठवड्याला. त्या म्हणाल्या, लावून तर बघ."

दर आठवड्याला येतात, हे ऐकून मला बरे वाटले.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. जय हिंद.